मेदोहर गुग्गुळ : वजनासाठी, रक्तातल्या चरबीसाठी, की कशासाठीच नाही?

कडूकिराईत

पोट सुटलेलं, ट्रायग्लिसराइड (रक्तातल्या चरबीचा एक प्रकार) चढलेलं, उपाशीपोटी साखर शंभरच्या थोडी वर. अशा माणसाला कुणी ना कुणी मेदोहर गुग्गुळ, म्हणजे गुग्गुळ नावाच्या झुडपाच्या डिंकापासून केलेल्या आयुर्वेदिक गोळ्या, सुचवतंच. डबी संपते, वजनकाटा जागचा हलत नाही. मग एक जण म्हणतो "याने काही होत नाही", दुसरा म्हणतो "अजून तीन महिने घे". दोघांनीही काहीच मोजलेलं नसतं.

माझं म्हणणं आधी मांडतो. वजन उतरवण्यासाठी गुग्गुळाच्या बाजूने भक्कम पुरावा नाही, त्यामुळे निव्वळ काट्यावर त्याची परीक्षा घेण्यात अर्थ नाही. घ्यायचाच असेल तर चयापचयाची मापं आधी आणि नंतर घ्यावीत. भारतीय शरीराला लागू असलेल्या मर्यादा अशा: बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २३ पासून वजन जास्त, २५ पासून लठ्ठपणा. कंबर पुरुषांत ९० सें.मी., बायकांत ८० सें.मी. ट्रायग्लिसराइड १५० किंवा वर, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) पुरुषांत ४० च्या आणि बायकांत ५० च्या खाली, रक्तदाब १३०/८५ किंवा वर, उपाशीपोटी साखर १०० किंवा वर. कंबर धरून या पाचांपैकी तीन गोष्टी बिघडल्या असतील तर त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात.

कंबर मोजताना टेप बेंबीवरून किंवा पँटच्या पट्ट्यावरून धरू नका. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं वरचं हाड यांच्या बरोबर मधोमध, उभं राहून, श्वास सोडल्यावर, टेप न आवळता मोजा. चुकीच्या जागी मोजलेल्या दोन आकड्यांची तुलना करून काही हाती लागत नाही.

मात्रा, शोधन (डिंक शुद्ध करणं), भेसळ, इतर औषधांशी पटणं-न पटणं यावर जाणकारांनी लिहावं.

---

रसशाळा

मात्रेपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथे आहे.

बाजारात मेदोहर म्हणून मिळतो तो बहुतेक वेळा नवक गुग्गुळाचा पाठ, म्हणजे ग्रंथातली कृती, असतो. सुंठ, मिरी, पिंपळी, हिरडा, बेहडा, आवळा, नागरमोथा, चित्रक, वावडिंग ही नऊ द्रव्यं समभाग, आणि सगळ्यांच्या एकत्रित वजनाइतका शुद्ध गुग्गुळ. म्हणजे ५०० मि.ग्रॅ.च्या गोळीत गुग्गुळ २५० मि.ग्रॅ., आणि बाकीचं प्रत्येक द्रव्य जेमतेम २८ मि.ग्रॅ. दोन गोळ्या दोन वेळा घेतल्या तर दिवसाला गुग्गुळ पोटात गेला १ ग्रॅम. आयुर्वेदिक फार्माकोपियात (औषधांच्या मानकग्रंथात) शुद्ध गुग्गुळाची मात्रा २ ते ४ ग्रॅम दिली आहे. गोळी २५० मि.ग्रॅ.ची असेल तर तेवढ्याच गोळ्यांत अर्धाच ग्रॅम जातो. डबीवर "दोन गोळ्या दोन वेळा" एवढंच वाचून थांबू नका, गोळीचं वजन आणि घटकांचा तक्ताही वाचा.

पण कमी पडतंय म्हणून परस्पर गोळ्या दुप्पट करायच्या नाहीत. गुग्गुळाबरोबर त्रिकटू (सुंठ, मिरी, पिंपळी) आणि चित्रकही दुप्पट होतात. ज्यांना आम्लपित्त आहे, तोंड येतं, मूळव्याधीतून रक्त जातं, त्यांना चित्रक पहिल्या आठवड्यातच त्रास देतो. अशांसाठी वैद्य साधारणपणे त्रिफळा गुग्गुळाकडे वळतात. त्यातही पिंपळी असते, पण चित्रक नसतो.

जेवणानंतर, कोमट पाण्याबरोबर. मध हवा असेल तर साध्या पाण्यातून घ्या, गरम पाण्यात मध घालायला चरकांनीच मनाई केली आहे.

---

तपासनीस

पुराव्याची बाजू मांडतो. सुश्रुतसंहितेत सूत्रस्थानाच्या १५व्या अध्यायात स्थौल्यावर, म्हणजे लठ्ठपणावर, जी द्रव्यं सांगितली आहेत, त्यात शिलाजतूबरोबर (शिलाजीत) गुग्गुळ आहे. हाच धागा पकडून १९६६ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी सशांवर प्रयोग केले. पुढे लखनौच्या सीडीआरआयने (केंद्रीय औषध संशोधन संस्था) गुग्गुळाच्या राळेचा इथाइल ॲसिटेटमध्ये विरघळणारा भाग वेगळा काढून 'गुगुलिपिड' तयार केलं, आणि ऐंशीच्या दशकात भारतात ते रक्तातली चरबी कमी करणारं औषध म्हणून बाजारात आलं.

१९९४ ची भारतीय चाचणी: ६१ रुग्ण, सगळ्यांना फळं-भाज्यांचा ठरलेला आहार, २४ आठवडे. गुगुलिपिडच्या गटात एकूण कोलेस्टेरॉल ११.७ टक्के, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १२.५ टक्के आणि ट्रायग्लिसराइड १२ टक्के उतरलं. एचडीएल जैसे थे.

२००३ ची अमेरिकेतली, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची चाचणी: १०३ माणसं, ८ आठवडे, एका गटाला १००० मि.ग्रॅ. आणि दुसऱ्याला २००० मि.ग्रॅ. गुगुलिपिड दिवसातून तीनदा, तिसऱ्याला नुसती खोटी गोळी. खोट्या गोळीच्या गटात एलडीएल ५ टक्के उतरलं. गुगुलिपिडच्या गटांत ते ४ ते ५ टक्के वाढलं. शिवाय काही जणांना अंगावर ॲलर्जीचं पुरळ आलं, आणि ते मोठ्या मात्रेच्या गटात जास्त होतं.

पहिली चाचणी सांगायची आणि दुसरी गाळायची, हे जाहिरातींचं काम. आपण दोन्ही समोर ठेवू.

---

पिंपळपान

एकाच औषधाचे निकाल इतके उलटे कसे? मात्रेचा फरक होता का?

---

तपासनीस

मात्रा कमी पडली म्हणून असं झालं, हे २००३ च्या चाचणीबाबत म्हणता येत नाही. तिथल्या अर्कात गुगुलस्टेरॉन, म्हणजे गुग्गुळातला क्रियाशील घटक, २.५ टक्के होतं. म्हणजे १००० मि.ग्रॅ. तीनदा घेतल्यावर दिवसाला ७५ मि.ग्रॅ., आणि दुप्पट मात्रेत १५०. राळेच्या हिशेबाने पाहा: इथाइल ॲसिटेटमध्ये विरघळणारा भाग राळेच्या सुमारे ४५ टक्के असतो, त्यामुळे ३ ग्रॅम अर्क म्हणजे साडेसहा ग्रॅमच्या आसपास कच्चा गुग्गुळ. रसशाळा यांनी वर मांडलेल्या १ ग्रॅमपेक्षा कितीतरी जास्त.

ठळक फरक आहाराचा दिसतो. १९९४ मध्ये आहार बांधलेला होता, २००३ मध्ये लोक त्यांचं नेहमीचं पाश्चात्त्य पद्धतीचं जेवण जेवत होते. शिवाय भारतीय चाचण्या लहान होत्या.

क्रिया कशी होते याची कथाही सरळ नाही. गुगुलस्टेरॉन यकृतातल्या एफएक्सआर नावाच्या ग्राहीला (पेशीत रासायनिक संदेश झेलणाऱ्या प्रथिनाला) अडवतं, आणि पित्ताम्लं तयार होण्याचं गणित त्याच ग्राहीच्या हातात असतं, हे २००२ मध्ये दाखवलं गेलं. उंदरांत त्यामुळे यकृतातलं कोलेस्टेरॉल कमी झालं. नंतर कळलं की तेच गुगुलस्टेरॉन पीएक्सआर या दुसऱ्या ग्राहीला चालना देतं, आणि त्याने यकृतातली औषधं मोडणारी यंत्रणा जागी होते. उंदराचं आणि माणसाचं पित्ताम्लांचं गणित सारखं नाही, म्हणून उंदरातला आकडा माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही.

---

गोळीऔषध

पीएक्सआरचा मुद्दा निघालाच आहे तर सगळ्यात महत्त्वाचं लिहितो. वजन जास्त असलेल्या चाळिशी-पन्नाशीच्या माणसाच्या हातात आधीच दोन-तीन गोळ्या असतात. धोका तिथे आहे.

प्रोप्रॅनोलॉल आणि डिल्टियाझेम: गुगुलिपिडची १ ग्रॅमची एकच मात्रा सोबत दिली तर या दोन्ही औषधांची रक्तातली पातळी घसरते, हे भारतातच १९९४ मध्ये मोजलं गेलं आहे. रक्तदाब किंवा नाडीसाठी यांपैकी काही चालू असेल तर गुग्गुळ नकोच. नाडी पुन्हा धावायला लागते, दाब वाढतो आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही.

स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी औषधं): ॲटोर्व्हास्टॅटिन आणि सिमव्हास्टॅटिन यकृतातल्या ज्या सीवायपी ३ए४ या विकराने मोडतात, त्यालाच गुगुलस्टेरॉन चालना देऊ शकतं, म्हणजे औषध लवकर मोडून कमी पडू शकतं. गर्भनिरोधक गोळ्यांनाही तोच धोका. शिवाय गुग्गुळाच्या अर्काने स्नायू मोडण्याचा, म्हणजे रॅब्डोमायोलिसिसचा रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेला आहे. मांड्या-दंड विनाकारण दुखायला लागले किंवा लघवी चहासारखी काळपट झाली तर त्याच दिवशी गोळी बंद करून डॉक्टरांकडे जा.

रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर गुग्गुळ घेऊ नका. ठरलेल्या शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी थांबवा. गुग्गुळ आर्तवजनन, म्हणजे पाळी आणणारा आहे, त्यामुळे गरोदरपणात आणि गर्भ राहावा म्हणून प्रयत्न चालू असताना पूर्ण वर्ज्य. चित्रकही त्याच कारणाने वर्ज्य. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तरीही टाळा.

थायरॉइड: प्राण्यांमध्ये गुगुलस्टेरॉनने थायरॉइडचं काम वाढलेलं दिसलं आहे. त्याचा अर्थ "थायरॉइडची गोळी सोडून गुग्गुळ घ्या" असा कुणी लावत असेल तर तो घातक आहे. थायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी) सकाळी उपाशीपोटी तसंच चालू ठेवायचं, गुग्गुळ दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणानंतर, आणि टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा पाहायचं.

---

कडूकिराईत

हा प्रतिसाद धाग्याच्या वर टाचून ठेवायला हवा.

---

पिंपळपान

काष्ठौषधीच्या दुकानातून गुग्गुळ आणून घरी शुद्ध केला तर? गोळीत काय असतं याचा भरवसा वाटत नाही.

---

रानवाटा

आधी दुकानातला गुग्गुळ गुग्गुळच आहे का ते पाहायला हवं. कॉमिफोरा वाइटी, म्हणजे खरा गुग्गुळ, हे कच्छ आणि राजस्थानच्या कोरड्या, खडकाळ जमिनीत वाढणारं काटेरी झुडूप. वर्षाचा बराच काळ त्याला पानं नसतात आणि साल कागदासारखी सुटते. डिंक यायला आठ-दहा वर्षांचं झाड लागतं, हिवाळा-उन्हाळ्यात चिरा देतात. चीर सालीपुरती असली तर झाड जगतं. जास्त डिंकाच्या हव्यासाने खोल घाव घातले की झाड वाळून मरतं. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत आज ही जात अतिसंकटग्रस्त आहे. तुटवडा म्हटला की भेसळ आलीच: सालईचा डिंक, दुसऱ्या कॉमिफोरांची राळ, सालीचे तुकडे, वाळू.

जुन्या ग्रंथांतली पारख अजूनही उपयोगी आहे. खडा निखाऱ्यावर धरला की पेटतो, उन्हात ठेवला की पघळतो, कोमट पाण्यात घासला की पाणी दुधासारखं पांढरट होतं. खडा फोडून आतला भाग पाहा. तो तपकिरी-पिवळसर आणि चिकट असावा, चव कडू. तळाशी वाळू बसली किंवा पाणी गढूळ मातकट झालं तर तो माल ठेवून द्या. मात्र या परीक्षा ढोबळ आहेत. सालईचा डिंकही पेटतो आणि पाण्याला थोडा पांढरेपणा देतो. दोघांत फरक खात्रीने सांगतो तो प्रयोगशाळेतला गुगुलस्टेरॉन ई आणि झेड या त्याच्या दोन रूपांचा अहवाल. म्हणून ज्या उत्पादकाच्या डबीवर बॅच क्रमांक आणि प्रमाणित गुगुलस्टेरॉन लिहिलेलं आहे, तो बरा.

---

रसशाळा

शोधन कसं होतं ते सांगतो, म्हणजे घरी करण्यात कुठे चुकतं ते कळेल.

त्रिफळेची भरड २०० ग्रॅ. घेऊन आठपट, म्हणजे १६०० मि.ली. पाण्यात मंद आचेवर चौथाई उरेपर्यंत उकळायची. गाळून ४०० मि.ली. काढा मिळतो. १०० ग्रॅ. गुग्गुळातल्या काड्या, साल, खडे हाताने वेचून काढायचे, हरभऱ्याएवढे तुकडे करायचे आणि सुती कापडात सैल पुरचुंडी बांधायची. पातेल्यावर आडवी काठी टाकून पुरचुंडी काढ्यात बुडेल पण तळाला टेकणार नाही अशी टांगायची. हेच दोलायंत्र. मंद उकळीत गुग्गुळ कापडातून झिरपून काढ्यात उतरतो. काढा आटला तर उकळतं पाणी घालायचं, गार नाही, नाहीतर राळ गोठून कापडाची छिद्रं बुजतात. पुरचुंडी अधूनमधून पळीने दाबायची. शेवटी कापडात जो चोथा उरतो तो टाकायचा. तो परत उकळून वजन भरून काढायचा मोह धरू नये.

द्रव गाळून पुन्हा आटवायचा. बिघडतं ते इथे. घट्ट व्हायला लागला की तो तळाला धरतो आणि दोन मिनिटांत जळका वास येतो. असा जळलेला भाग बाकीच्यात मिसळायचा नसतो. म्हणून शेवटचा टप्पा थेट आचेवर न करता उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात करतात. गोळा झाला की पसरट ताटात सावलीत वाळवायचा. आत ओल राहिली तर बुरशी येते, कडक उन्हात ठेवला तर पघळून ताटाला चिकटतो. वाळल्यावर खलबत्त्यात थोडं थोडं तूप लावत मेणासारखा मऊ होईपर्यंत कुटायचा, आणि मग वस्त्रगाळ चूर्णं मिसळायची. तूप जास्त झालं की गोळी कधीच आवळत नाही आणि दोन महिन्यांत खवट वास मारते.

सगळं नीट केलं तरी १०० ग्रॅमचे १०० ग्रॅम मिळत नाहीत, आणि किती गुगुलस्टेरॉन उरलं ते घरी मोजता येत नाही. पिंपळपान, म्हणून घरगुती शोधन नकोच असं माझं मत आहे. कच्चा गुग्गुळ तर मुळीच पोटात घेऊ नये. पुरळ, मळमळ, जुलाब यांच्या तक्रारी त्याने जास्त येतात.

आणखी एक, जे चर्चेत क्वचित येतं: भावप्रकाशात नवा गुग्गुळ बृंहण, म्हणजे शरीर भरणारा सांगितला आहे, आणि जुना अतिलेखन, म्हणजे खरवडणारा. स्थूल माणसाला जुना हवा. डबीवर गोळीची तारीख असते, राळेचं वय नसतं. उत्पादकाला विचारावं, सहसा उत्तर मिळत नाही तरीही.

---

सह्यकडा

त्याच ग्रंथात गुग्गुळ घेणाऱ्याने आंबट, तिखट, मद्य, ऊन, राग, अजीर्ण आणि श्रमही टाळावेत असं आहे. मग व्यायाम बंद करायचा? लठ्ठ माणसाने हे तसंच पाळलं तर सगळंच उलटं होईल.

---

रसशाळा

बंद अजिबात नाही. चरकांच्या स्थौल्यचिकित्सेत व्यायाम आहे आणि तो गुग्गुळाहून महत्त्वाचा आहे. टाळायचं ते दमछाक होईपर्यंत राबणं आणि भर उन्हातलं पळणं. व्यायामाचं परिमाण अर्धी शक्ती: कपाळाला, नाकाला, काखेत घाम आला आणि तोंडाने श्वास घ्यावा लागला की थांबायचं. सकाळी-संध्याकाळी भरभर चालण्यात हे सहज बसतं. दारूचा नियम मात्र शब्दशः पाळा. ट्रायग्लिसराइडला तिच्याइतकं पटकन वर नेणाऱ्या गोष्टी थोड्याच आहेत.

---

सह्यकडा

पटलं. अहवाल कसे वाचायचे तेही कुणी सांगा. एलडीएल वाढलेलं दिसलं की लोक घाबरून सगळंच सोडतात.

---

तपासनीस

अनेक प्रयोगशाळांत एलडीएल थेट मोजत नाहीत, हिशेबाने काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा, आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा.

उदाहरण घ्या. आधी: एकूण २१०, एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड २६०. पाचवा भाग ५२, म्हणून एलडीएल १२०. बारा आठवड्यांनी: एकूण २१०, एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड १६०. पाचवा भाग ३२, म्हणून एलडीएल १४०. कागदावर एलडीएल २० ने "वाढलं", पण प्रत्यक्षात सुधारलं ते ट्रायग्लिसराइड. अशा वेळी नॉन-एचडीएल पाहायचं: एकूण वजा एचडीएल, दोन्ही वेळा १७२. म्हणजे धमन्यांना त्रास देणारं एकूण कोलेस्टेरॉल हललेलं नाही. ते वाढलंही नाही आणि कमीही झालं नाही. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर हा हिशेब लागूच पडत नाही, थेट मोजलेलं एलडीएल मागा.

२००३ च्या निकालाची मात्र या हिशेबाने बोळवण करता येणार नाही. तिथलं एलडीएल थेट मोजलेलं होतं, आणि ट्रायग्लिसराइडमध्ये तिथे दखल घेण्यासारखी घट नव्हती.

क्रम असा ठेवा. सुरू करण्याआधी: लिपिड प्रोफाइल, उपाशीपोटी साखर, एचबीए१सी, एसजीपीटी (यकृताची तपासणी), टीएसएच, कंबर आणि रक्तदाब. रक्त १० ते १२ तासांच्या उपासानंतर, त्याच प्रयोगशाळेत, आदल्या दिवशी मेजवानी किंवा मद्य नाही. पहिले चार आठवडे फक्त आहार आणि चालणं. त्यानंतर लिपिड पुन्हा तपासून मग गुग्गुळ. दोन्ही एका दिवशी सुरू केलं तर सुधारणेचं श्रेय कुणाला द्यायचं ते कधीच कळणार नाही. गुग्गुळाच्या सहाव्या आठवड्यात एसजीपीटी, बाराव्यात सगळं पुन्हा. एचबीए१सी साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, ते बारा आठवड्यांच्या आत पुन्हा पाहून उपयोग नाही. आणि रक्तात लोह कमी असेल तर तो आकडा खोटा वाढलेला येऊ शकतो.

बारा आठवड्यांत ट्रायग्लिसराइड आणि नॉन-एचडीएल दोन्ही हलले नाहीत तर गुग्गुळ थांबवा. पुढची डबी आणू नका. एसजीपीटी वरच्या मर्यादेच्या तिपटीवर गेलं, डोळे पिवळे झाले किंवा अंगभर पुरळ आलं, तर बारा आठवड्यांची वाट पाहायची नाही.

---

पिंपळपान

एलडीएल १९० आणि घरात हृदयविकार असेल, तर स्टॅटिनऐवजी हे तीन महिने करून पाहावं का?

---

गोळीऔषध

नाही. १९० ला स्टॅटिन लागतं, आणि गुग्गुळाने हृदयविकाराचे झटके कमी झाल्याचं कोणत्याही चाचणीने दाखवलेलं नाही. स्टॅटिन चालू असताना वर गुग्गुळही घालायचा नाही, कारण वर लिहिलंच आहे. हा प्रयोग ज्यांचं ट्रायग्लिसराइड १५० ते ३०० च्या दरम्यान आहे, एलडीएल फार नाही, थायरॉक्सिन सोडून दुसरी गोळी चालू नाही आणि जे कंबर कमी करायला चालायला लागले आहेत, त्यांच्यापुरता. ५०० च्या वर ट्रायग्लिसराइड असेल तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, तिथे थेट डॉक्टर.